पाच लिटरचा कॅन आणि बोअरचं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावर सहा मुलं भाड्याने राहतात. कोणी जळगावचा, कोणी नंदुरबारचा, दोघे येवल्याकडचे. मुलं गुणी आहेत, पण बाथरूम घासायचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम सबमिशन आठवतं. त्यामुळे वरची दोन आणि खालचं एक, अशी तिन्ही बाथरूम शेवटी माझ्याच गळ्यात. त्यात नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात खाली महापालिकेचं, म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि वरच्या टाकीत बोअरचं. घरी बोअर असेल त्याला पुढचं सांगायला नको. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, शॉवरची निम्मी भोकं बंद, आणि आंघोळीचा मग तर आतून चुन्याने सारवल्यासारखा.

शाळेत आम्हाला याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणून शिकवलं होतं. साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. जमिनीखालून येताना पाणी दगडामातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं. ते पाणी तापलं किंवा सुकलं की क्षार मागे राहतो. हा क्षार साबणाने हलत नाही. तारेच्या घासणीने क्षार निघायच्या आधी नळाची चकाकी निघते. तो निघतो आंबटाने. आणि घरात वापरता येईल असं सगळ्यात स्वस्त, तयार आंबट म्हणजे व्हिनेगर.

त्याच्याहून जहाल ॲसिड मिळतं, हे मलाही माहीत आहे. एका दिवाळीआधी मी सफाई करणाऱ्या एका माणसाला बोलावलं होतं. त्याने कुठल्याशा बाटलीतलं ॲसिड ओतलं, धूर निघाला, पाच मिनिटांत फरशी पांढरीशुभ्र झाली. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर नळांवरचा क्रोमचा मुलामा जागोजागी उडून आतलं पितळ डोकावत होतं. तीन नळ बदलावे लागले. तेव्हापासून मी हळू काम करणाऱ्या आंबटाच्या बाजूची झाले.

विकत काय आणायचं

पांढरं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं साधं व्हिनेगर. बाटलीवर ‘सिंथेटिक व्हिनेगर’ लिहिलेलं असतं आणि त्यात ॲसेटिक ॲसिड साधारण ४ टक्के असतं. चायनीजच्या गाडीवर चिलीच्या वाटीत असतं तेच हे. ॲपल सायडर व्हिनेगर बाथरूमसाठी आणू नका. वरच्या एका मुलाने वजन कमी करायला आणलेली चारशे रुपयांची बाटली कंटाळून मला ‘काकू, संडासाला घ्या’ म्हणून दिली होती. काम केलं तिने, पण चारशे रुपयांचं काम नव्हतं ते.

किराणा दुकानातली सहाशे-सातशे मिलीची बाटली एकदा करून बघण्यापुरती ठीक. नेहमी वापरायचं असेल तर हॉटेलवाले आणि केटरिंगवाले जिथून माल भरतात तिथून ५ लिटरचा कॅन आणा. मी रविवार कारंजाकडे गेले की घेऊन येते. शेवटचा आणला तो १९० रुपयांना, म्हणजे लिटरला ३८ रुपये. छोट्या बाटल्यांच्या हिशेबाने हे जवळपास निम्म्यात पडतं. तीन बाथरूमना मला महिन्याला दोन लिटर लागतं. पूर्वी तीन तऱ्हेच्या रंगीत बाटल्या यायच्या त्यातल्या दोन आता येत नाहीत.

एक मात्र सांभाळा. केमिकलच्या दुकानात ‘ग्लेशियल’ म्हणून जवळजवळ शुद्ध ॲसेटिक ॲसिड मिळतं. ‘ताई, हेच पाणी घालून वापरा, स्वस्त पडेल’ असं कोणी सांगितलं तरी घेऊ नका. ते कातडी भाजतं, आणि घरात मापं चुकतात.

वास सहन होत नसेल तर लिंबूसत्त्व घ्या, ढोकळ्यात घालतो ते. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवलं की क्षारावर तेही छान चालतं, वासही नाही. खाली व्हिनेगरसाठी म्हणून जे जे सांगते आहे, त्यातलं बरंचसं लिंबूसत्त्वाने होतं. मला व्हिनेगरची सवय झाली एवढंच.

नळ, शॉवर, बादली

क्षारावर व्हिनेगर फवारलं आणि लगेच पुसलं, तर काही होत नाही. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि ‘व्हिनेगरने काही निघत नाही बाई’ म्हणतात. ते जहाल नाही, म्हणून त्याला वेळ द्यायचा. आणि उभ्या नळावर ते टिकत नाही, ओघळून जातं, म्हणून धरून ठेवायला काहीतरी लागतं.

नळासाठी मी जुन्या सुती बनियनच्या पट्ट्या करून ठेवल्या आहेत. पट्टी व्हिनेगरमध्ये चिंब भिजवायची, नळाच्या तोंडाला आणि मुळाशी, जिथे तो भिंतीला मिळतो तिथे, गुंडाळायची. वरून दुधाची रिकामी पिशवी चढवायची, म्हणजे सुकत नाही. अर्ध्या तासाने सोडायची आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. पहिल्या वेळी सगळं निघेल असं नाही. दाढी जाड असेल तर पुन्हा पट्टी बांधा, पण रात्रभर ठेवू नका. मुलाम्याच्या नळावर लांबलेलं आंबट मुलामाच खातं. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती आधी फिरवून काढा. आमच्या वरच्या बेसिनचं पाणी करंगळीएवढं येत होतं. प्लंबर म्हणाला लाइन बदलावी लागेल. जाळी काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली तशी तिच्यातून बारीक बुडबुडे निघायला लागले, सोडा वॉटरसारखे. ते पाहायला मला अजूनही आवडतं. क्षार विरघळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. बुडबुडे थांबले की एकतर क्षार संपला किंवा व्हिनेगरचा जोर संपला. तासाभराने जाळी चोळली, उजेडाकडे धरली तर सगळी भोकं मोकळी. लाइन बदलायची राहिली ती राहिलीच.

शॉवरचंही तसंच. प्लास्टिकच्या पिशवीत कोमट व्हिनेगर घ्यायचं, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी वर चढवायची आणि रबर बँडने घट्ट बांधायची. व्हिनेगर कोमट केलं तर लवकर काम करतं, उकळू मात्र नका, वाफेने डोळे चुरचुरतात. माझा पहिला प्रयोग तासाभरात खाली आला होता, कारण एक लिटर व्हिनेगर एका रबर बँडवर लटकवलं होतं. ग्लासभर पुरे, आणि रबर बँड दोन. अर्ध्या-पाऊण तासाने पिशवी सोडा, भोकांवरून ब्रश फिरवा, राहिलेली भोकं दातकोरणीने मोकळी करा, आणि शॉवर जोरात सोडून आतला चुरा वाहून जाऊ द्या.

बादली आणि मग यांना नळापेक्षा सोपं आहे. मगमध्ये अर्ध व्हिनेगर, अर्ध गरम पाणी भरून बादलीत ठेवून द्यायचा. बादलीच्या आतल्या कडेला जिथपर्यंत रोज पाणी भरतं तिथे पांढरी रेघ पडलेली असते, तिथे भिजवलेलं फडकं चिकटवायचं. शनिवारी सकाळी नाश्त्याआधी लावते, पोहे होऊन चहा होईपर्यंत रेघ नखाने निघते.

कमोडच्या पाण्याच्या पातळीवर पिवळट कडं असतं. कमोडमधलं पाणी मग मारून आत ढकलून आधी कमी करा, नाहीतर व्हिनेगर पाण्यात पातळ होऊन वाया जातं. मग दोन कप व्हिनेगर ओता, कड्यावर टॉयलेट पेपर किंवा कागदी नॅपकिन भिजवून चिकटवा, रात्रभर ठेवा. सिरॅमिकला त्याने काही होत नाही. सकाळी नॅपकिन काढून टाका, ब्रशने घासा.

टाइल्सवर फवारायचं झालं तर आधी भिंत साध्या पाण्याने भिजवून घ्या. टाइल्सच्या मधल्या फटीत पांढरं सिमेंट असतं, आणि सिमेंटलाही आंबट खातं. फटी पाण्याने आधीच तृप्त असल्या की व्हिनेगर आत मुरत नाही. एकास एक पाणी घालून फवारा, दहा मिनिटांत धुऊन टाका. आरसा आणि खिडकीच्या काचांना त्याहून पातळ चालतं, आणि पुसायला वर्तमानपत्र. यावर लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना माहीत आहे.

ओट्याची गोष्ट

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला ते माझ्या सासूबाईंच्या ओट्यावर कळलं.

खालच्या स्वयंपाकघरात ओटा कडप्प्याचा आहे, काळा कुळकुळीत. सासूबाई दर महिन्याला त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायच्या. त्या गेल्यावर ते मागे पडलं. बाथरूममध्ये व्हिनेगर लागू पडतंय म्हटल्यावर मी शेर झाले होते. सिंकच्या कडेला ओट्यावर पाण्याचे पांढरे डाग होते, तिथे भरपूर ओतलं. बारीक बुडबुडे आले. मला वाटलं, वा, क्षार निघतोय! वीस मिनिटांनी पुसलं, डाग गेले. ओटा सुकल्यावर बघते तर सिंकच्या बाजूला ताटाएवढा भाग राखाडी, खरखरीत, पाटीवर खडू पुसल्यासारखा. बोट फिरवलं तर शेजारचा दगड गुळगुळीत आणि इथे बोट अडकतंय.

ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, ‘‘अगं, दगडच खाल्ला की याने.’’ आयुष्यभर ओझरच्या कारखान्यात धातूंमध्ये काम केलेला माणूस, त्यांना बघताक्षणी कळलं.

कडप्पा, शहाबाद, कोटा आणि संगमरवर, हे सगळे चुन्याच्याच घराण्यातले दगड. बादलीवरचा क्षारही चुन्याचाच. व्हिनेगरला कुठला क्षार आणि कुठला ओटा हे कळत नाही. त्याला दोन्ही सारखेच. मी जे बुडबुडे बघून खूश झाले होते त्यातले निम्मे ओट्याचे होते.

म्हणून कडप्प्याचा ओटा, परसातली शहाबादी फरशी, जिन्याच्या कोट्याच्या पायऱ्या, देवघरातला संगमरवर आणि जुन्या घरातली मोझॅकची लादी (तिच्यात संगमरवराचेच तुकडे असतात) यांच्याजवळ व्हिनेगरची बाटली नेऊच नका. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर पायाखालचं बहुतेक सगळं याच जातीचं असेल. यांना साधा भांड्याचा साबण पाण्यात घालून पुसा. ग्रॅनाइटचा दगड वेगळ्या जातीचा, त्याला व्हिनेगर असं खात नाही, पण त्यावरही रोज कशाला? दगड ओळखता येत नसेल तर कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी एक थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, पुसून सुकू द्या आणि तिरप्या उजेडात बघा. चमक गेली तर उत्तर मिळालं.

माझ्या ओट्यावर तेलाचा हात दिला की डाग दोन-चार दिवस लपतो. खरा उपाय म्हणजे पॉलिशवाल्याकडून घासून घेणं. तो एवढ्याशा कामाला यायला तयार नाही, म्हणून सध्या त्या जागी मिक्सर आहे.

स्वयंपाकघरात, बेताबेताने

स्वयंपाकघरात घाण दोन तऱ्हेची असते. क्षाराची आणि तेलाची. तेलाच्या किटणावर व्हिनेगर फारसं चालत नाही. एक्झॉस्ट फॅनची पाती, गॅसमागच्या टाइल्सवरचा चिकट थर, डब्यांच्या झाकणांवरचा मेणचटपणा, याला गरम पाणी आणि भांड्याचा साबण किंवा धुण्याचा सोडा. मी एक अख्खी दुपार व्हिनेगरने एक्झॉस्ट पुसण्यात घालवली आहे. शेवटी हाताला लोणच्याचा वास आणि फॅन होता तसाच.

इलेक्ट्रिक केटलला मात्र याच्यासारखं औषध नाही. अर्ध पाणी, अर्ध व्हिनेगर, एक उकळी, बंद करून वीस मिनिटं. तळाचे पांढरे पापुद्रे आपोआप सुटतात. नंतर दोनदा नुसतं पाणी उकळून फेकून द्या, नाहीतर चहा फाटतो. हे अनुभवाचे बोल आहेत, पाहुण्यांसमोरचे. मुलांच्या मॅगीच्या केटलीत तर तळाला एवढा थर होता की पाणी तापायला दुप्पट वेळ लागायचा.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो, त्यात कुकर लावताना तळाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की काळा पडत नाही. पिळलेल्या लिंबाची साल टाकायची जुनी रीत, तीही याच कारणाने चालते, आणि साल फुकट आहे. ॲल्युमिनियममध्ये व्हिनेगर घालून रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतात. बिडाच्या तव्यावर गंज चढला असेल तरच वापरा, अर्धा तास, आणि धुतल्याबरोबर गॅसवर कोरडा करून तेल लावा. चांगल्या मुरलेल्या तव्याला लावाल तर वर्षांची कमाई जाईल.

मासळीच्या डब्याचा वास व्हिनेगरच्या पाण्याने जातो. माशावर आपण लिंबू का पिळतो, तेच कारण. फ्रीज आतून पुसायलाही तेच पाणी.

पितळेच्या भांड्यांचं विचाराल तर मी चिंचच वापरते. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, इथे समई घासायला व्हिनेगर आणलं तर तांबट हसतील. व्हिनेगर, मीठ आणि कणकेचा लेप चालतो, नाही असं नाही. पण चिंचेचा कोळ स्वतःच चिकटून बसतो, कणीक वाया घालवावी लागत नाही. कल्हईच्या भांड्याला आतून दोन्ही नकोत.

सोडा, ब्लीच

व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फेसाळणारं मिश्रण करणारे व्हिडिओ मीही बघते. मीही केलं होतं. वरच्या मजल्यावरचा बी.एस्सी.वाला म्हणाला, ‘‘काकू, आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात. फेस संपला की तुमच्या हातात पाणी आणि सोडियम ॲसिटेट उरतं. दोन्ही वस्तू वाया.’’ मी त्याला म्हटलं, मग मोरीचा पाइप कसा मोकळा झाला? तो म्हणाला, फेसाने थोडी मळी हलली असेल, बाकी तुम्ही वरून ओतलेल्या उकळत्या पाण्याने. त्यानंतर नुसतं गरम पाणी ओतून बघितलं. मुलगा बरोबर होता. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर भिजवायला वापरा, एकाच वाटीत नको.

ब्लीचचं हसण्यावारी नेऊ नका. एकदा मुलांनी माझ्यावर उपकार म्हणून कमोडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती, मला न सांगता. मी वरून व्हिनेगर ओतलं. डोळ्यांत आणि घशात एकदम मिरचीची धुरी बसल्यासारखं झालं. दार उघडंच होतं म्हणून मी लगेच बाहेर आले, गच्चीवर जाऊन बसले, तासभर खोकत होते. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरच काय, संडास साफ करायची ॲसिडवाली बाटलीही ब्लीचबरोबर नको. असं झालंच तर पाणी ओतत बसू नका, श्वास धरून बाहेर पडा, खिडकी बाहेरून उघडता आली तर उघडा. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्येही व्हिनेगर मिसळू नका. आणि घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हा व्हिनेगरवर विसंबू नका. ते क्षार काढतं, जंतूंचा भरवसा देत नाही. त्या दिवशी आधी साबणाने धुऊन मग जंतुनाशकच वापरा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून.

कपड्यांचं राहिलंच. बोअरच्या पाण्यात टॉवेल वाळून पापडासारखे कडक होतात. शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी व्हिनेगर घाला, मऊ राहतात. वाळल्यावर वास उरत नाही. मशीनमध्ये दर धुण्याला नको, दाराच्या रबराला ते चांगलं नाही. गीझर उघडायच्या भानगडीत पडू नका, आतला क्षार मेकॅनिकलाच काढू द्या. आरओच्या फिल्टरला तर हातही लावू नका.

फवाऱ्याच्या बाटलीत मी अर्ध व्हिनेगर, अर्ध पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून ठेवते. साबणामुळे ते टाइल्सवर जरा धरून बसतं. ही बाटली एकदा ओट्यावर राहिली होती. येवल्याच्या पोराने रात्री अकरा वाजता वास घेतला, व्हिनेगरच आहे म्हटला, आणि न्यूडल्सवर मारली. ‘‘काकू, फेस आला,’’ म्हणत खाली आला. आता बाटलीवर ह्यांच्या अक्षरात मार्करने मोठ्ठं ‘बाथरूम’ लिहिलेलं आहे, आणि खाली मुलांपैकी कोणीतरी जोडलंय, ‘न्यूडल्स नाही, ओटा नाही’.